बचावपटूची चूक आणि प्रेक्षकांचा धीर

फुटबॉलच्या मैदानावर आघाडीच्या खेळाडूने चार संधी दवडल्या आणि पाचवीवर गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. मागच्या फळीत उभ्या असणाऱ्याचा हिशेब उलटा. ८९ मिनिटे तो बिनचूक खेळला तरी कोणी त्याचे नाव घेत नाही. ९०व्या मिनिटास त्याचा पाय घसरला की साऱ्या मैदानाची दृष्टी त्याच्यावर खिळते. शिवाय त्याची विद्या चुकल्यावाचून येत नाही, हे गोमंतकातील फुटबॉलप्रेमी श्रोत्यांस निराळे सांगावयास नको. चेंडू कोठे आहे हे कोणासही दिसते. तो कोठे येणार, प्रतिपक्षास ऑफसाइडमध्ये पकडण्यासाठी पाऊल केव्हा पुढे टाकावयाचे, हे सामने खेळूनच उमजते. म्हणजे कोवळ्या बचावपटूच्या शिक्षणाची फी प्रेक्षकांनाच भरावी लागते, आणि तीही गोलांच्या रूपाने.

लंडनच्या आर्सेनल क्लबच्या प्रेक्षकांनी ही फी एकदा भरली आणि एकदा नाकारली.

टोनी अ‍ॅडम्स ५ नोव्हेंबर १९८३ रोजी संडरलँडविरुद्ध प्रथम मैदानात उतरला, तेव्हा त्याला १७ वर्षे पूर्ण होऊन चार आठवडेही लोटले नव्हते. आरंभीच त्याच्या हातून चूक घडली, गोल झाला आणि सामना गेला. तरीही १९८८च्या जानेवारीत, अवघा २१ वर्षांचा असताना, तो कर्णधार झाला. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय स्पर्धेत हॉलंडच्या व्हान बास्टेनने इंग्लंडवर तीन गोल चढविले, त्या दिवशी बचावात अ‍ॅडम्स होता. २ एप्रिल १९८९ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने आर्सेनलचा गोल केला आणि शेवटी शेवटी चेंडू आपल्याच जाळ्यात धाडला. एका वृत्तपत्राने त्याच्या छायाचित्रास गाढवाचे कान जोडले. मग मैदानोमैदानी प्रतिपक्षाचे लोक गाढवासारखे ओरडू लागले. आर्सेनलवाल्यांनी मात्र त्याच्याच नावाचा घोष चालविला. शेजाऱ्यांनी हिणविलेले पोर घरच्यांस अधिक प्रिय होते, तसलाच हा प्रकार. २६ मे रोजी लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर दोन गोलांनी हरविण्याची अवघड अट आर्सेनलने अखेरच्या क्षणी पुरी केली, आणि लीगचे विजेतेपद या कर्णधाराच्या हाती आले.

गस सीझरची कथा याच क्लबातली, याच सुमाराची. तोही आर्सेनलच्याच तालमीत वाढलेला. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला. २४ एप्रिल १९८८ रोजी वेम्ब्लीवर लीग चषकाचा अंतिम सामना होता. अनुभवी ओलिअरी जखमी होता, म्हणून २२ वर्षांच्या सीझरला उभे केले. आर्सेनल २-१ असे पुढे असताना गोलाजवळ चेंडू दूर टोलविताना त्याचा तोल गेला, ल्यूटनने बरोबरी साधली व अखेरच्या मिनिटास सामनाही जिंकला. त्यानंतर सीझर हे नाव आर्सेनलच्याच प्रेक्षकांत गलथानपणाचा पर्याय होऊन बसले.

अ‍ॅडम्स अधिक गुणी होता, यात वाद नाही. पण त्याच्याविषयीचा धीर त्याचे गुण पुरते सिद्ध होण्याआधीचा होता. तो आठवड्यामागून आठवडे खेळत असे. शनिवारची चूक पुढल्या शनिवारी पुसता येई. राखीव खेळाडूस एकच दिवस मिळतो, आणि सीझरच्या वाट्यास आला तो अंतिम सामन्याचा. त्याला पुढला शनिवार कोणी द्यावयाचा? व्यवस्थापकाचा विश्वास उडाला की प्रेक्षकांचा उडण्यास वेळ लागत नाही. आणि प्रेक्षक ओरडू लागले की व्यवस्थापकही त्यास खेळविण्यास कचरतो.

त्याच सामन्यात, सीझर अडखळण्याच्या थोडेच आधी, आर्सेनलला पेनल्टी मिळाली होती. ती साधती तर ३-१ होऊन सामना संपल्यातच जमा होता. विंटरबर्नचा तो फटका ल्यूटनच्या गोलरक्षकाने अडविला. विंटरबर्नही बचावपटूच, पण तो २००० सालापर्यंत आर्सेनलकडून खेळत राहिला. सीझरने १९९१ साली क्लब सोडला, आणि पुढे तो हाँगकाँगला खेळावयास गेला.