विश्वस्त आणि बलवान



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी ‘महासत्ता आणि लहान राष्ट्रे’ हा विषय मला देण्यात आला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या विषयाकडे मी ‘विश्वस्त’ या आपल्या परिचयाच्या शब्दातून पाहणार आहे.

प्रशांत महासागरात मार्शल बेटे नावाचा जेमतेम चाळीस हजार वस्तीचा देश आहे. तेथे आधी जर्मनीची, मग जपानची सत्ता होती. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा प्रदेश ‘विश्वस्त’ या नात्याने अमेरिकेच्या हाती सोपविला. रहिवाशांच्या जमिनीचे व आरोग्याचे रक्षण करणे हे त्या करारातील कर्तव्य होते.

प्रत्यक्षात काय घडले? १९४६ मध्येच बिकिनी बेटावरील १६७ माणसांना, हे मानवजातीच्या कल्याणासाठी आहे असे सांगून हलविण्यात आले होते. १९५८ पर्यंत बिकिनी व एनेवेटाक येथे ६७ अण्वस्त्र चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमाच्या सुमारे हजारपट होता. दूरच्या राँगलॅप बेटावर पांढरी राख पडली आणि मुले त्या राखेत खेळली. तेथील लोकांना हलविण्यास दोन दिवस लागले.

तरीही हा देश अमेरिकेचा द्वेष करीत नाही. १९८६ पासून तो मुक्त सहयोगाच्या कराराने तिच्याशी जोडलेला आहे. तेथील तरुण अमेरिकेत नोकरी करतात, तिच्या सैन्यात भरती होतात. चलनही डॉलरच आहे. मात्र १ मार्च हा दिवस तेथे राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. स्नेह आहे, पण विस्मरण नाही.

याच देशाने २०१४ मध्ये नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचे कर्तव्य या राष्ट्रांनी पाळले नाही, असे त्याचे म्हणणे होते. बंधूंनो, त्या नऊ नावांत भारताचेही नाव होते. भारताने त्या बेटांवर कधी चाचणी केली नाही, हे खरेच. २०१६ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा फेटाळला. भारताच्या बाबतीत नऊ विरुद्ध सात अशा मतांनी. निकाल आपल्या बाजूने लागला, पण प्रश्न मिटला नाही.

आपण स्वतःला आजही पारतंत्र्य भोगलेल्यांच्या रांगेत पाहतो. त्या बेटावरून पाहणाऱ्याला मात्र आपण बलवानांच्या रांगेत दिसतो. ही दृष्टी कटू वाटली, तरी ती समजून घेतली पाहिजे.

बलवान आपला हेतू सांगतो; दुर्बल परिणाम मोजतो. विश्वस्ताची परीक्षा हेतूवर होत नाही. ठेव ज्याची आहे, त्याला हिशेब द्यावा लागतो, हे पन्नास वर्षे संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना मी निराळे काय सांगावे? राष्ट्रांनाही हाच नियम लागू आहे, एवढेच नम्रपणे सांगून मी माझे दोन शब्द पूर्ण करतो.

जय जिनेंद्र. जय हिंद.