आधी खातं बघा, मग माल द्या

(सामुदायिक रेडिओवरच्या बचत गटांच्या कार्यक्रमात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण)

ऐकताय ना सगळ्याजणी? कुणी भाकरी थापत असेल, कुणी धान्य निवडत असेल. हातातलं काम थांबवू नका. फक्त शाळेत जाणारं एखादं लेकरू वही-पेन्सिल घेऊन जवळ बसवा. मध्ये मध्ये आकडे येतील, ते लिहून ठेवायचे आहेत.

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावची. आमचा अकराजणींचा बचत गट आहे. सोलापूरकडची शेंगाचटणी तुम्हाला माहीतच आहे, तीच आम्ही करतो. मी सातवी शिकलेली. सचिव आहे म्हणून मला बोलायला पाठवलंय, पण फोनचं काम आमच्यातली सगळ्यात धाकटी बघते. बारावी झालेली सून आहे. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून आपण तिला सूनबाईच म्हणू. आज सांगणार आहे त्यातलं निम्मं मी तिच्याकडून शिकले.

आधी आमची फजिती सांगते. मागच्या दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप आला. चाळीस पाकिटं पाहिजेत, कार्यालयातल्या माणसांना वाटायची आहेत, आमचा माणूस गाडी घेऊन येतोय. चाळीस पाकिटांचे झाले ४,४०० रुपये. आम्हाला केवढा आनंद! थोड्या वेळानं पैसे पाठवल्याचा फोटो आला. हिरवी खूण, रक्कम, तारीख, सगळं त्यात होतं. तेवढ्यात गाडी दारात आली, आणि तो माणूस उशीर होतोय म्हणून घाई करायला लागला. सूनबाईनं मला फोन केला, "काकू, फोटो आलाय, देऊ का माल?" मी म्हटलं, "दे की."

सकाळी खातं बघितलं तर एक रुपया आलेला नाही. फोटो खोटा होता. असे फोटो तयार करता येतात हे आमच्या गावीही नव्हतं. त्या नंबरवर फोन लावला तर तो बंद.

पैसे गेले ते गेलेच, पण पुढं जे झालं ते जास्त वाईट होतं. सूनबाईच्या घरी तिच्या नवऱ्यानं फोन काढून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "पुरे आता ते फोनचं खूळ." दोन आठवडे आमच्या ऑर्डरी बंद. गिऱ्हाईक निरोप पाठवतंय आणि उत्तर द्यायला कुणी नाही. दिवाळीचे दिवस, एकीच्या कर्जाचा हप्ता त्या पैशांवर ठरलेला.

मग आम्ही चौघीजणी तिच्या घरी गेलो. मी तिच्या सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, 'दे' मी म्हणाले होते. पोरीनं विचारलं होतं." त्यांनी एकच प्रश्न केला, "उद्या परत गेले तर कोण भरणार?" खरा प्रश्न होता. आम्ही तिथंच ठरवलं की तोटा गटाचा. अकराजणींत ४,४०० म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यातून ४०० रुपये वजा झाले. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून नियम केले. ते खडूनं डंकाच्या खोलीच्या दारामागं लिहिलेत. तेच आधी सांगते, लिहून घ्या.

पहिला नियम. फोटो बघून माल द्यायचा नाही. आपल्या ॲपमध्ये जमा झालेली रक्कम बघायची, नाहीतर बँकेतली शिल्लक तपासायची. मेसेजवरही विसंबायचं नाही, कारण बँकेसारखा दिसणारा खोटा मेसेजही पाठवतात. गाडी दारात उभी असली तरी उभी राहू दे.

दुसरा नियम. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी म्हणालं, "ताई, पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका," तर फोन ठेवून द्यायचा. पिन टाकला की आपले पैसे जातात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही.

तिसरा नियम. "चुकून जास्त पैसे आले, परत करा" असं कुणी म्हणालं तर आधी खातं बघायचं. घाईघाईत परत पाठवायचे नाहीत.

चौथा नियम. अनोळखी माणसाची मोठी ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आधी, आणि निर्णय दोघींनी मिळून घ्यायचा. दोघींनी म्हणजे दोघींनी खातं बघायचं. आमच्यासारखं एकीनं विचारायचं आणि दुसरीनं न बघता "दे" म्हणायचं, असं नाही.

आणि एक नंबर लिहा, १९३०. खात्यातून फसवून पैसे गेले तर लगेच या नंबरवर तक्रार करायची आणि आपल्या बँकेलाही कळवायचं. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे पुढं जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. लाजून रात्रभर गप्प बसू नका.

आता धंद्याचं बोलू. फोन हातात यायच्या आधी आमची एक चूक होती, ती म्हणजे किंमत. पाव किलोचं पाकीट आम्ही ७० रुपयांना विकायचो. शेजारचं दुकान ७० ला विकतं म्हणून आपणही ७०. एक दिवस सूनबाईनं वही काढली. दहा किलोच्या घाण्यात चाळीस पाकिटं निघतात. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ मिळून १,८०० रुपये, म्हणजे पाकिटाला ४५. पिशवी आणि लेबल ६. गॅस, लाइट मिळून ५. झाले ५६. आम्ही खूश, ७० मधून १४ सुटतात म्हणून.

मग ती म्हणाली, "आणि आपली मजुरी?" चौघीजणी पाच तास राबतो, म्हणजे वीस तास. तासाला ५० रुपये धरले तर १,००० रुपये. चाळीस पाकिटांत वाटले तर पाकिटाला २५. छप्पन्न आणि पंचवीस, ८१. म्हणजे ८१ ची वस्तू आम्ही ७० ला देत होतो आणि वर खूश होत होतो! आम्ही किंमत ११० केली. दुकानदाराला शंभरात वीस दिले तरी हातात ८८ येतात, मजुरी निघून ७ उरतात. स्वतः विकलं तर २९. थोडी गिऱ्हाइकं तुटली, हे खरं सांगते. पण राहिली ती कायमची राहिली. तुमच्या वस्तूचा असा हिशेब याच आठवड्यात करा. ऑनलाइन विकायच्या आधी करा, नाहीतर जितकं जास्त विकाल तितका तोटा वाढेल.

दुसरी गोष्ट, लेबल. गिऱ्हाईक दुकानात वस्तू हातात घेऊन बघतं, फोनवर ते जमत नाही. तिथं लेबलच बोलतं. वस्तूचं नाव, घटक, निव्वळ वजन, सगळे कर धरून किंमत, कधी बनवलं, कधीपर्यंत खावं, गटाचं नाव, पत्ता, फोन नंबर, आणि शाकाहारीची हिरवी खूण. शेंगदाणा काहींना सोसत नाही, म्हणून "यात शेंगदाणे आहेत" हे वेगळं लिहा. खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा १४ अंकी नंबर लेबलवर छापायचा. लहान धंद्यासाठी ही नोंदणी सोपी आहे, फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर होते. उद्योगाची जी उद्यम नोंदणी असते, तिला सरकार फी घेत नाही. सेवा केंद्रात भरून घेतली तर त्याची मजुरी द्या, पण "सरकारी फी हजारो रुपये" असं कुणी सांगितलं तर दोन ठिकाणी विचारा.

आता फोटो. महागडा फोन लागत नाही. आधी फोनच्या मागची काच पदरानं पुसा. हसू नका, निम्मे फोटो पिठाच्या नि तेलाच्या बोटांनी धुरकट येतात. सकाळच्या उजेडात ओसरीवर नाहीतर दाराजवळ वस्तू ठेवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. फ्लॅश नको. खाली साधं, एका रंगाचं कापड. मागं कपड्यांची दोरी, भांडी दिसू देऊ नका. लांबून मोठं करून काढण्यापेक्षा फोन जवळ न्या. तीन फोटो पुरतात. एक बंद पाकिटाचा, एक वाटीत काढलेल्या चटणीचा, एक लेबल वाचता येईल असा. वाटी शेजारी ठेवली की आकार कळतो. आणि नेटवरचा दुसऱ्याचा फोटो टाकू नका. फोटोत लाल आणि घरी तपकिरी निघाली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. आम्ही उखळात चटणी कुटतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकला होता, त्याला सगळ्यात जास्त विचारणा आली. व्हिडिओत कुणी दिसत असेल तर तिला विचारूनच टाका.

हे सगळं ठेवायचं कुठं? व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप आहे, फुकट आहे. दुसरं सिमकार्ड घेतलं तर त्याच फोनवर घरचं व्हॉट्सॲप वेगळं आणि गटाचं वेगळं चालतं. रात्री-अपरात्री निरोप आला तरी तो गटाच्या नंबरवर येतो, घरच्यांनाही बरं वाटतं. त्यात कॅटलॉग असतो, तिथं फोटो, किंमत, वजन एकदाच भरायचं. कुणी विचारलं की तेच पाठवायचं. रात्री आपोआप उत्तर जाईल असंही ठेवता येतं, "सकाळी नऊनंतर उत्तर देऊ" एवढं पुरे. निरोपांना लेबल लावता येतं. नवीन ऑर्डर, पैसे बाकी, माल पाठवला. टाइप करणं जड जात असेल तर कळफलकावरच्या माईकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोला, अक्षरं उमटतात. माझ्यासारखीला त्याचाच आधार.

एकदम पुष्कळांना निरोप पाठवायला ब्रॉडकास्ट यादी असते. पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी घालायची, "आमचा नंबर गटाच्या नावानं सेव्ह करा." आणि रोज फुलांचे शुभ सकाळ पाठवू नका. लोक कंटाळून आपल्याला ब्लॉक करतात. नवा घाणा निघाला, सण आला, तेव्हाच पाठवा.

पैसे घ्यायला आम्ही बँकेत जाऊन गटाच्या खात्याला जोडलेला क्यूआर कोड मागून घेतला. आधी ते सूनबाईच्या खात्यात यायचे आणि महिनाअखेर कुणाचे किती यावरून कुरबुर व्हायची. आता पैसे थेट गटाकडे. महिन्यातून एकदा पासबुक भरून बैठकीत मोठ्यानं वाचतो.

शेवटचं, पार्सल. एका पाकिटाला टपालखर्च परवडत नाही, म्हणून आम्ही चार पाकिटं म्हणजे एक किलोच्या खाली बाहेरगावी पाठवत नाही. टपालखर्च वेगळा, हे आधीच लिहून ठेवतो. तेलकट वस्तू दुहेरी पिशवीत घालायची, खोक्यात मोकळी जागा राहिली तर कागद कोंबायचा. पूर्ण पत्ता, सहा आकडी पिनकोड, घेणाऱ्याचा फोन. स्पीड पोस्ट केलं की पावतीवर १३ अक्षरांचा नंबर असतो, त्या पावतीचा फोटो लगेच गिऱ्हाइकाला पाठवायचा. "कुठं पोचलं?" हे फोन निम्म्यानं कमी होतात. पाकीट फुटलं अशी तक्रार आली तर वाद घालू नका. फोटो मागा, खरं असेल तर दुसरं पाठवा. त्या माणसाच्या तोंडून पुढं चार घरी नाव जातं, चांगलं किंवा वाईट.

तर या आठवड्यात तीनच कामं करा. वस्तूचा मजुरीसकट हिशेब मांडा. सकाळच्या उजेडात तीन फोटो काढा. आणि ते चार नियम भिंतीवर लिहा. बाकी सावकाश होईल.

आणि तुमच्या गटातली फोन चालवणारी पोरगी जपा. चूक झाली तर तिला एकटीला उभी करू नका, तिनं गटाचंच काम केलेलं असतं.

आमच्या सूनबाईचा फोन तिच्या हातात परत आलाय. परवा लातूरहून मोठी ऑर्डर आली, पैसे पाठवल्याचा फोटोही आला. ती फोन बघत होती, तर आत्याबाई चुलीपासून ओरडल्या, "फोटो राहू दे गं, खात्यात आलेत का ते बघ!"

आले होते. मग माल दिला.