घर घेण्यापूर्वीं घराची परीक्षा



‘घर पाहावें बांधून’ असें आपले वडील सांगत. आज आपणांपैकीं पुष्कळजण घर बांधीत नाहींत, बांधलेलें विकत घेतात. आणि तें कसें बांधलें आहे हें त्यांस राहावयास गेल्यावर कळतें.

मी सिहोऱ्याचा एक निवृत्त शाळामास्तर. निवृत्तीच्या रकमेंतून मीं एक जुनें घर घेतलें. कागदपत्र वकिलाकडून तपासले. घर मात्र भर उन्हाळ्यांत, अर्ध्या तासांत, स्वतःच पाहिलें. भिंतींच्या नव्या रंगावर मी भाळलों. पहिल्याच पावसाळ्यांत मागील भिंतीस हातभर ओल चढली आणि दाराची चौकट वाळवीनें आंतून पोखरलेली निघाली. पत्नीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं राखलेले पैसे दुरुस्तींत गेले. शस्त्रक्रिया वर्षभर लांबली. ‘उत्तर पडताळून पाहा’ असें मुलांस जन्मभर सांगणाऱ्या मास्तरानें स्वतःचें उत्तर पडताळलें नव्हतें!

कायदा नाहीं काय? आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानें सांगितला पाहिजे. परंतु त्यास तो ठाऊक होता हें सिद्ध कोणीं करावयाचें? २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याप्रमाणें ताब्यापासून पांच वर्षांत बांधकामांतील दोष दाखवून दिल्यास बांधकाम व्यावसायिकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. पण हा आधार त्याच्याकडून घेतलेल्या नव्या घरास. जुन्या घरास नाहीं.

म्हणून व्यवहारापूर्वीं जाणत्या स्थापत्य अभियंत्याकडून घर तपासून घ्यावें. मुंबई-पुण्यास हें काम करणाऱ्या संस्थाही आहेत. कित्येकांस वाटतें, कर्ज देतांना बँकेचा माणूस घर पाहून गेलाच आहे. पण तो मुख्यतः बँकेचें कर्ज सुरक्षित आहे कीं नाहीं हें पाहतो; आपल्या छपराची गळती पाहणें हें त्याचें काम नव्हे.

अभियंता काय पाहतो? गिलाव्यावरील केसासारखी भेग बहुधा निरुपद्रवी असते; खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी गेलेली रुंद भेग पाया खचल्याची खूण असूं शकते. काळ्या जमिनींत तर हें फार, कारण ती पावसांत फुगते व उन्हांत आकसते. गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो काय, सळया गंजून काँक्रीट सुटलें आहे काय, विजेस अर्थिंग आहे काय, सांडपाणी कोठें जातें, हें सारें तो पाहतो. भिंतीच्या पोटांतलें सर्व त्यासही दिसत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

हा माणूस विक्रेत्यानें वा दलालानें सुचविलेला नसावा. मेहनताना आधीं ठरवावा; अहवाल लेखी, छायाचित्रांसह व दुरुस्तीच्या अंदाजासह मागावा. त्यावरून किंमत कमी करून घेतां येते, किंवा व्यवहार सोडतां येतो. विसार त्यानंतरच द्यावा. आणि जमल्यास एकदां पावसांत घर पाहून यावें.

२४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड येथें पांच मजली इमारत कोसळून सोळा माणसें दगावलीं. ती इमारत कांहीं जुनीपुराणी नव्हती. तेव्हां नव्या घरावरही डोळे मिटून विश्वास टाकूं नये.

मडकें घेतांना आपण तें वाजवून घेतों. घर त्याहून महाग आहे, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.