डोंगरी सायकलीची स्प्रिंग

सारसोळे हें खाडीकांठचें कोळ्यांचें जुनें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व पुढें त्याच्या भोंवतीं नेरूळची वसाहत उभी राहिली. येथील रस्ते सपाट असल्यामुळें सायकलस्वारास चढउतार हवा असेल, तर बेलापूरची पारसिक टेकडी किंवा खारघरचा डोंगर गांठावा लागतो. अशा वाटांसाठीं बनविलेल्या कित्येक सायकलींच्या मागील शॉकवर पोलादी स्प्रिंग असते.

थोरल्या भावाची सायकल धाकट्यानें वापरावी, ही मराठी घरांतील जुनी रीत. या सायकलीच्या बाबतींत मात्र थोडें थांबावें. कारण तिची स्प्रिंग स्वाराच्या वजनाप्रमाणें निवडावी लागते.

भाराच्या प्रमाणांत स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. स्प्रिंगवर ४०० हा आंकडा असेल, तर ती एक इंच दबण्यास ४०० पौंड भार लागतो. आतां हिशेब पाहावा. धाकट्याचें वजन सामानासह ७० किलो धरलें, तर त्यांतील सुमारें ६५ टक्के, म्हणजे १०० पौंड, मागील चाकावर येतें. चाक १५० मिलिमीटर उचललें असतां शॉक ६० मिलिमीटर दबत असेल, तर तरफेमुळें स्प्रिंगवर अडीचपट, म्हणजे २५० पौंड भार पडतो. स्वार नुसता बसला असतां शॉक आपल्या पल्ल्याच्या सुमारें ३० टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर अथवा ०.७१ इंच, दबावा. तरच खळग्यांत चाक खालीं उतरून जमीन धरूं शकतें. २५० ला ०.७१ नें भागिलें कीं सुमारें ३५० येतात. थोरला ९० किलोंचा असेल, तर हेंच उत्तर ४५० च्या घरांत जातें.

थोरल्याची ताठ स्प्रिंग धाकट्याखालीं पुरेशी दबत नाहीं. चाक दगडावरून उसळतें व उतारावर ब्रेकची पकड सुटते. उलट अति मऊ स्प्रिंग प्रत्येक मोठ्या धक्क्यास तळाला आदळते. तिच्यावरील कडें आवळीत राहणें हा यावर उपाय नव्हे. त्यानें आरंभींचा ताण वाढतो, ताठपणा बदलत नाहीं. एक-दोन फेऱ्यांपलीकडे आवळावें लागलें, तर स्प्रिंगच बदलावी. नवी घेतांना तिचा आंतील व्यास आणि पल्लाही शॉकशीं जुळवून घ्यावा.

शेवटीं पडताळा घ्यावा. शॉकच्या दोन टोकांच्या बोल्टांमधील अंतर आधीं मोजावें, मग स्वारास नेहमींच्या सामानासह बसवून पुन्हां मोजावें. दोहोंतील फरक १८ मिलिमीटरांच्या आसपास आला, म्हणजे धाकट्यानें डोंगराची वाट धरण्यास हरकत नाहीं.