विळ्याच्या पात्याची साक्ष

द्राक्षांचा बागाईतदार बोर्डो मिश्रण तयार करतो, तेव्हां फवारणीपूर्वी घासून लख्ख केलेला लोखंडी विळा तो त्यांत थोडा वेळ बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर तो आणखी चुना घालतो. पातें जसेंच्या तसें राहिलें, तरच तें मिश्रण वेलीवर जातें. ही परीक्षा दिसावयास साधी. पण ती चुकली तर कोंवळीं पानें करपतात. शालेय रसायनशास्त्रांतील एक मोठा नियम तिच्यांत सामावलेला आहे.

सर्वच धातूंची क्रियाशीलता सारखी नसते. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसें, तांबें, चांदी, सोनें अशी त्यांची उतरती श्रेणी आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणांत लोखंडी खिळा ठेवला, कीं लोखंड द्रावणांत उतरतें, तांबें बाहेर पडून खिळ्यावर बसतें आणि निळा रंग फिकट होत होत हिरवट होतो. उलट, हिराकसाच्या द्रावणांत तांब्याची तार कितीहि वेळ ठेवली, तरी तिला लोखंड बाहेर काढतां येत नाहीं. श्रेष्ठानें कनिष्ठास उठवावें, कनिष्ठानें श्रेष्ठास नव्हे, असाच हा दंडक!

ताम्रयुक्त झऱ्यांत बुडविलेलें लोखंड तांबें होऊन निघतें, हें पाहून युरोपांतील किमयागारांस धातुपरिवर्तनाचा भास होई. वस्तुतः लोखंडाचें तांबें होत नाहीं. लोखंडाचे ५६ भाग विरघळतात, तेव्हां तांब्याचे सुमारें ६३.५ भाग मुक्त होतात. दोन्ही धातु कायमच राहतात, केवळ जागा बदलतात.

१८८२ सालीं फ्रान्समधील मेडॉक प्रांतांत वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांस रस्त्याकडेच्या द्राक्षवेली केवडा रोगांतून बचावलेल्या दिसल्या. वाटसरूंनीं फळें तोडूं नयेत म्हणून त्यांवर मोरचूद व चुना शिंपडलेला होता. १८८५ सालीं मिलार्दे यांनीं हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठीं १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व साधारण तितकाच चुना लागतो. चुन्यामुळें तांबें अविद्राव्य होऊन पानांवर बसतें. चुना उणा पडला, तर विद्राव्य तांबें उरतें व पानें भाजतात. तेंच उरलेलें तांबें विळा उघडकीस आणतो.

म्हणूनच मोरचूद लोखंडी वा जस्ती बादलींत भिजवीत नाहींत. बादली झिजते आणि औषधांतील तांबें तिच्याच अंगावर बसतें. त्यासाठीं मातीचें किंवा प्लॅस्टिकचें भांडें हवें.

ज्यांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्यांनीं ही श्रेणी त्यांच्याकडून नुसती पाठ म्हणवून घेऊं नये. काचेच्या जुन्या पेल्यांत मोरचुदाचें पाणी घेऊन त्यांत खिळा सोडावा. मोरचूद विषारी आहे. म्हणून वडील मंडळींनीं जवळ बसावें व तो पेला पुन्हा पिण्यास वापरूं नये. तासाभरांत खिळाच मुलांना धडा देईल.