स्लोवर बंद पडणारी गाडी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक जण तर कॅनडाहून आला आहे. शीळफाट्याच्या गॅरेजवाल्याचं भाषण कोण ऐकणार? संयोजक म्हणाला, "तू गाडीवरच बोल. सगळे गाडी चालवतात, पण बॉनेट कोणी उघडत नाही." तेव्हा गाडीवरच बोलतो. गाडीही अशी, की जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा घेतली असेल.

गाड्यांशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ तयार व्हायची. आपल्या वर्गातल्या दोघा-तिघांचे वडील तिथे कामाला होते, भोंग्यावर घरचं घड्याळ चालायचं. आता त्या बाजूला टॉवर उभे राहिले आणि लोक पत्ता सांगताना नुसतं 'प्रीमियर ग्राउंड' म्हणतात. मी अंबरनाथच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालो, तेव्हा माझ्या हाताखालून पद्मिनी जायच्या, मग मारुती ८०० आल्या. पहिल्या ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. एवढं साधं इंजिन, की समजून घ्यायची तयारी असेल तर ते काही लपवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या विज्ञानाच्या बाई समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगतो आहे.

बाईंची ८०० ही १९९८ ची, कार्बोरेटरची. यजमानांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, डोंबिवलीहून नवी मुंबईला. म्हणजे वाटेत आपला फाटा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कल्याणकडून, मुंब्र्याकडून, महापेकडून आणि पनवेलकडून येणारं सगळं शीळफाट्यावर एकत्र होतं, त्यात बंदराकडे जाणारे कंटेनर. बुलेट ट्रेनचा वांद्र्याहून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा आपल्याच शीळफाट्याला बाहेर येतो, पण वर रस्त्यावर आपण पहिल्या गिअरमध्येच. तिथे बाईंची गाडी बंद पडायची. सकाळी घरून एका चावीत सुरू, वीस-पंचवीस मिनिटं उत्तम, आणि रांगेत पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थरथर आणि गप्प. मागे कंटेनरचा हॉर्न, शेजारी डायलिसिस करून थकलेला माणूस. ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी दोनदा ऐनवेळी नकार दिला होता. मुलगा म्हणत होता, विकून टाक. एका गॅरेजने कार्बोरेटर बदलून दिला होता, दुसऱ्याने स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून दिली होती. त्याने गाडी बंद पडायची कमी झाली, पण उभी असताना ट्रॅक्टरसारखी ओरडू लागली.

रेस वाढवणं म्हणजे ताप आला की थर्मामीटर झटकून खाली आणण्यासारखं आहे. आकडा बदलतो, ताप तसाच राहतो.

गाडी स्लोवरच का बंद पडते, हे आधी समजून घ्या. पाय काढला की कार्बोरेटरमधली झडप जवळजवळ मिटते. इंजिन तेव्हा फार थोडी हवा आणि त्या मानाने थोडं पेट्रोल यांवर तग धरून असतं, आणि मॅनिफोल्डमध्ये जोराचा व्हॅक्यूम असतो. अशा वेळी कुठे केसाएवढी फट असली तरी त्यातून चोरून आलेली हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन विझतं. तीच फट साठच्या वेगात जाणवतही नाही, कारण तेव्हा हवाच इतकी जाते की चोरीची हवा हिशेबात येत नाही. आमच्या भाषेत, "गाडी हवा घेते."

बाईंचा पहिला प्रश्न होता, "हे कशावरून?" पस्तीस वर्षांनीही प्रश्न तोच. मी नुसतं सांगून सुटलो नसतो, म्हणून त्यांना बॉनेटपाशी उभं केलं.

प्लग काढून दाखवले. तपकिरी हवे होते, पांढुरके निघाले. म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. वेगात गाडी झकास ओढत होती, म्हणून पंप आणि कॉईल यांच्यावरचा संशय मी मागे ठेवला. गरम होऊन कॉईल दगा देते तेव्हा ती चालत्या गाडीतही झटके देते. स्लो जेटचं पेट्रोल तोडणाऱ्या सोलेनॉइडची चावी फिरवताच 'टक' ऐकू आली, म्हणजे तो शाबूत. मग गाडी तापू दिली. एअर क्लीनर काढून, इंजिन थरथरायला लागल्यावर कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. हवा कमी झाली आणि इंजिन सावरलं. हात काढला, पुन्हा थरथर. बाई म्हणाल्या, "म्हणजे हवा जास्तच होती." मग पिचकारीने कार्बोरेटरच्या बुडाशी एकेका बाजूला पाणी टाकत गेलो. (काही जण इथे पेट्रोल मारतात. तापलेल्या इंजिनवर ते करू नका, गॅरेजं जळालेली मी पाहिली आहेत.) मागच्या उजव्या कोपऱ्यावर पाणी पडताच इंजिनचा आवाज क्षणभर बदलला. फट पाण्याने बुजली होती.

कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट. नवा कार्बोरेटर बसवताना जुनंच गॅस्केट ठेवून एका बाजूचे नट करकचून आवळले होते. इन्सुलेटर वाकला. थंड असताना चोक पेट्रोल वाढवतो, म्हणून सकाळी तक्रार नाही. गरम झाल्यावर चोक सुटतो आणि फट उघडी पडते. वीस-पंचवीस मिनिटांचं कोडं ते एवढंच.

इन्सुलेटर बदलला, दोन गॅस्केट घातली, बैठक काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केली, नट आडवे-तिरपे थोडे-थोडे आवळले. आधीच्याने चढवलेली रेस खाली आणून ती साडेआठशेच्या आसपास स्थिर केली. माल काही शे रुपयांचा. वेळ मात्र सगळा शोधण्यात गेला, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतं. बाईंनी दिले, वर म्हणाल्या, "प्रयोगाचे मार्क वेगळे."

ज्यांच्या गाड्या २००० नंतरच्या, एमपीएफआय, त्यांनी हसू नये. तिथे थ्रॉटल बॉडीत काजळी साचते, स्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह अडकतो, व्हॅक्यूमची रबरी नळी वाळून चिरते. स्कॅनर प्रत्येक वेळी चिरलेली नळी बोट दाखवून सांगत नाही. नळी हाताने वाकवून पाहावी लागते.

बाईंचे यजमान त्यानंतर सव्वा वर्ष त्याच गाडीने जात राहिले. फाट्यावर रांगेत उभे असले की मला फोन करायचे, "बंद पडली नाही, एवढंच सांगायला." गाडी बाईंनी विकलेली नाही. आजही त्या तीच घेऊन आल्या आहेत, मैदानात चिंचेखाली उभी आहे. जेवणानंतर कोणाला स्लो तपासून घ्यायचा असेल तर मी तिथेच आहे. पिचकारी आणि प्लगपाना डिकीत आहे. बॉनेट मात्र तुम्ही स्वतः उघडायचं.