गाभाऱ्यातील धर्म आणि दुकानातील धर्म
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते ती अनेकांच्या निष्ठेमुळे. नित्य अभिषेक, पूजा, दशलक्षण पर्वातील विधाने, पाठशाळा या सर्व गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांनी श्रद्धेने सांभाळल्या. त्यांना प्रथम वंदन करतो. क्रियाकांडाची अवहेलना करण्यासाठी मी येथे उभा नाही. श्रावकाच्या षट्कर्मांत देवपूजेचे स्थान पहिले आहे. परंतु त्याच यादीत गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप आणि दानही आहे. मंदिराची पायरी उतरल्यानंतर आपल्या धर्माचे काय होते, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. तो मी प्रथम स्वतःलाच विचारतो.

माझे धान्याचे दुकान होते. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. दशलक्षण पर्व चालू होते, उत्तम तपाचा दिवस होता. माझा निर्जळी उपवास होता. अभिषेक आटोपून सोवळ्यातच घरी निघालो होतो. वाटेत दुकानात पोती वाहणारा गडी भेटला. त्याचा आठवड्याचा पगार राहिला होता. तो म्हणाला, “अण्णा, आज पोरांसाठी दाणं न्यायचं हुतं.” मी म्हणालो, “मंदिरातून येतोय, आज पैशाला हात लावणार नाही. पर्व संपल्यावर ये.” तो काही न बोलता गेला. दुपारी चारचौघांनी माझ्या उपवासाची अनुमोदना केली आणि मी ती प्रसन्न मनाने स्वीकारली.

पुढे काही वर्षांनी स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. तेथे अणुव्रतांचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष सांगितले आहेत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पंडितजींनी अर्थ सांगितला की, आपल्यावर अवलंबून असणाऱ्याच्या वेळेवरच्या अन्नपाण्याला अडथळा आणणे म्हणजे अन्नपाननिरोध. तो शब्द ऐकला आणि मला तो गडी आठवला. त्या दिवशी मी स्वेच्छेने अन्न सोडले होते, त्याच्या मुलांना मात्र माझ्यामुळे सोडावे लागले. माझ्या उपवासाची नोंद मंदिराच्या फलकावर झाली. त्यांच्या उपवासाची नोंद कोठेच झाली नाही.

मी त्याचा शोध घेतला. तो थकला होता, काम सुटले होते. मी हात जोडून क्षमा मागितली. त्याला तो दिवस आठवेना. तो म्हणाला, “अण्णा, त्यात काय, असं लई वेळा व्हायचं.” त्याने राग धरला असता तर मला बरे वाटले असते.

बंधू-भगिनींनो, त्या सातव्या अध्यायाकडे पुन्हा एकदा पाहा. देताना कमी व घेताना अधिक मापणे हा ‘हीनाधिकमानोन्मान’. चांगल्या मालात हलका मिसळून विकणे हा ‘प्रतिरूपकव्यवहार’. खोटा दस्तऐवज करणे ही ‘कूटलेखक्रिया’. ठेव ठेवणारा विसरून कमी मागू लागला, तर त्याला तेवढेच देऊन गप्प बसणे हा ‘न्यासापहार’. हे शब्द गाभाऱ्यातील नाहीत. ते तराजूचे, खतावणीचे, गोदामाचे शब्द आहेत. आपला गृहस्थ कोठे घसरतो हे आचार्य उमास्वामींना नेमके ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी व्रताची परीक्षा बाजारात ठेवली.

अशा आचरणाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले. अन्नपाननिरोधाच्या अगदी उलट टोकाचे हे आचरण आहे. अपरिग्रहावर व्याख्याने पुष्कळ होतात. त्या माउलीने व्याख्यान दिले नाही, पण परक्यांची मुले उपाशी झोपू दिली नाहीत.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक नम्र सूचना आहे. पुढील दशलक्षण पर्वाला आरंभ होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली वही उघडावी. दुकानातील गडी, शेतावरील मजूर, घरकाम करणारी बाई, यांपैकी कोणाचे देणे राहिले असेल तर ते आधी चुकते करावे. आपल्या संस्थेनेही पूजारी, रखवालदार आणि स्वयंपाकघरातील सेवक यांचे वेतन ठरल्या तारखेला देण्याचा नियम घ्यावा. त्यानंतर उपवासाला बसावे. क्षमावाणीच्या दिवशी ओळखीच्यांना आपण क्षमा मागतोच. त्या दिवशी ज्याला खरोखर दुखावले, अशा एका तरी माणसाच्या दारी जावे.

मी फार उशिरा गेलो. आपण उशीर करू नये, एवढ्यासाठीच हे सांगितले. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र!